साखरपुडा आधी थांबवा

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

‘माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे, नाशिकला एका कंपनीत सुपरवायझर. दीड वर्षापासून एमडी (मेफेड्रोनची पावडर) घेतो. आधी फक्त शनिवारी, आता मधल्या वारीही. गळ्यातली चेन गेली, मोबाइलवरच्या ॲपवरून कर्जं झाली, दोनदा बाबांनी फेडली. तो म्हणतो, ही काही गर्द (ब्राउन शुगर) नाही, याची सवय लागत नाही, मनात आणलं तर उद्या सोडीन. मामांनी एक व्यसनमुक्ती केंद्र शोधलंय. तिथले लोक रात्री गाडी घेऊन येतात आणि उचलून नेतात, तीन महिने ठेवतात. आईला ते नको, ती म्हणते चार लोकांत होईल, त्यापेक्षा लग्न करून टाकू, जबाबदारी पडली की ठिकाणावर येईल. निफाडकडचं स्थळ ठरलंय, दिवाळीनंतर साखरपुडा. मुलीला काहीच माहीत नाही. मी सांगायला हवं का? सांगितलं तर आई माझं तोंड बघणार नाही. आणि ऑनलाइन मिळतं ते लघवी तपासायचं किट मागवू का? – एक बहीण’

तुझ्यापेक्षा वयानं बरीच मोठी आहे, म्हणून एकेरीत लिहिते.

तुझ्या पत्रात साखरपुड्याचा विषय शेवटी शेवटी आला आहे. मी सुरुवात तिथूनच करते, कारण बाकीच्या गोष्टींना थोडा वेळ आहे, त्याला नाही. साखरपुडा थांबवा. पुढे ढकला, प्रकृतीचं कारण सांगा (ते खोटंही नाही), पण दिवाळीनंतर तो होता कामा नये.

‘लग्न झालं की सुधारेल’ हा सल्ला आपल्याकडे दारूच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. आता तोच पावडरीला लावतात. व्यसनात अडकलेल्यांच्या घरच्यांच्या गटात मी बरीच वर्षं बसते. तिथे येणाऱ्या कितीतरी जणी अशाच ‘सुधारेल’ म्हणून दिलेल्या. त्यातल्या एकीचं सांगते. लग्नाला जेमतेम चार-पाच महिने झाले होते. मंगळसूत्राची तार सैल झाली म्हणून ती ते घेऊन सराफाकडे गेली. त्यानं वाटी कसोटीवर घासली, दुसरी घासली, मग पहिली पुन्हा घासली आणि पेढीवरच्या पोऱ्याला म्हणाला, ‘ताईंना चहा सांग.’ तार जोडायला आलेल्या गिऱ्हाइकाला कोणी चहा पाजत नाही. तिला तिथेच कळलं. खऱ्या वाट्या नवऱ्यानं कधीच मोडल्या होत्या आणि तशाच दिसणाऱ्या ओवून ठेवल्या होत्या. गटात हे सांगताना ती सोन्यासाठी रडली नाही. लग्नाच्या आधीपासून सासू, सासरे, नणंद, सगळ्यांना माहीत होतं, आणि हळदीच्या दिवशी त्यातल्या प्रत्येकानं तिच्या गालाला हळद लावली होती, हे सांगताना मात्र तिला बोलवेना.

नणंद. तू तुझ्या आईच्या बाजूनं गप्प राहिलीस तर त्या हळदीत तुझाही हात असेल. कडक बोलतेय, पण तू मोकळेपणानं विचारलंस म्हणून.

आणि लग्नानं त्याचं तरी भलं होतं का? लग्नघरात आहेराची, खरेदीची रोकड खेळते, मित्रांच्या पार्ट्या होतात, त्याला कोणी जाब विचारत नाही कारण ‘नवरदेव आहे’. नंतर नवी मुलगी घरात येते, तिच्यासमोर नाटक करायचं ओझं येतं, आणि ते ओझं हलकं करायला त्याच्याकडे एकच उपाय आहे. आईला कायद्याचीही भाषा कळत असेल तर सांग. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम १२. महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून संमती मिळवली असेल तर फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत लग्न रद्द करून मागता येतं. चार लोकांत होईल म्हणून जे झाकताय, ते उद्या कोर्टात कागदावर येईल.

मुलीला सांगायचं का? हो. पण आधी ती संधी भावाला दे. त्याला स्पष्ट सांग की एक आठवडा आहे, तू स्वतः तिच्याशी बोल किंवा घरच्यांना सांगून तारीख पुढे ढकलायला लाव. नाही केलंस तर मी बोलणार. आणि मग खरंच बोल. तिच्या वडिलांना किंवा मध्यस्थाला नाही, तिला. लग्न तिचं आहे. व्हॉट्सॲपवर एक अक्षरही लिहू नकोस, संध्याकाळपर्यंत त्याचा स्क्रीनशॉट निफाडभर फिरेल. भेट, नाहीतर फोन कर, आणि तुला ठाऊक आहे तेवढंच सांग: दीड वर्ष एमडी घेतोय, कर्ज आहे, उपचार अजून सुरू झालेले नाहीत. तिनं काय करावं हे सांगायच्या भानगडीत पडू नकोस. आई तोंड बघणार नाही म्हणतेस, तर काही महिने नाही बघणार, हे धरून चाल. गटातल्या आयांकडे पाहून सांगते, भाऊ उपचाराला लागला की तुझाच फोन सगळ्यात आधी लावला जाईल.

आता त्याचं म्हणणं, याची सवय लागत नाही.

तो खोटं बोलत नसावा, त्याला तसं वाटतही असेल. ब्राउन शुगर थांबवली की अंग मोडून येतं, नाक-डोळे वाहतात, उलट्या-जुलाब होतात. त्याला मुलं ‘टर्की’ म्हणतात. एमडीत ते तसं दिसत नाही. दोन दिवस नाही घेतली तर माणूस नुसता झोपतो, खातो, चिडचिड करतो. त्यामुळे प्रत्येक सोमवारी त्याला वाटतं की सुटली. खेळ वेगळ्या ठिकाणी चालू असतो. नाकानं ओढलेली पावडर काही मिनिटांत चढते आणि दोन-तीन तासांत उतरते. मेंदूत आनंदाची, उत्साहाची जी रसायनं जपून वापरायची असतात ती एकदम उपसली जातात, त्यामुळे उतरताना माणूस होता त्याच्या खाली जातो. मग दुसरी लाइन, मग तिसरी. तीन-चार जणांत रविवारपर्यंत पुरवायची म्हणून आणलेली पुडी शनिवारी रात्रीच संपते ती यामुळे. थांबवणं हातात राहत नाही, याचंच नाव सवय. शनिवारची मधल्या वारी झाली हे तूच लिहिलंयस.

घरात तुम्ही पाहिलं असेल: जबडा सतत हलतो, दात खातो, गालाची आतली बाजू चावून सोललेली असते. सारखं च्युइंग गम. नाकातून कधी रक्त. जेवण नाही, दोन रात्री झोप नाही, घामाला वेगळाच वास. पुढे संशय सुरू होतो, खाली कोणीतरी उभं आहे, फोन ऐकतायत, शेजारी टपून आहेत. हे सुरू झालं असेल तर वाट बघू नका. आणि सगळ्यात जपायचा काळ म्हणजे नशा उतरल्यानंतरचा दुसरा-तिसरा दिवस. घरच्यांना तो चढलेला असताना भीती वाटते. मला उतरल्यावर जास्त वाटते. त्या दिवसांत निराशा इतकी खोल जाते की जीव द्यायचे विचार येतात. नेमका तेव्हाच बाबा हिशेब मागायला बसतात.

‘आपल्यात असं नसतं’ हे आईचं वाक्य तू लिहिलं नाहीस, पण म्हटलं असेलच. २०२३च्या ऑक्टोबरात नाशिक रोडजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला, तिथून तुमचं घर काही परदेशात नाही. पुढच्या फेब्रुवारीत दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत पोलिसांनी शेकड्यांनी किलो पकडली. ही पावडर अफूसारखी शेतातून येत नाही, रसायनांपासून बनते, आणि रसायनांचे कारखाने आपल्या दारात आहेत. २०१५च्या फेब्रुवारीपर्यंत तर ती अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतही नव्हती. व्यसनाचा देशभरचा मोठा अभ्यास दिल्लीच्या एम्सनं केला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात दारू पिणारे सुमारे १६ कोटी निघाले आणि दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांमागे एकालाच कसली तरी मदत मिळाली होती. दारूसारख्या उघड्यावरच्या व्यसनाची ही गत. पावडरीचं तर घरात नावही काढत नाहीत.

मामांच्या गाडीबद्दल. मामांचा हेतू चांगला असेल, पण गाडी बोलावू नका.

उपचार म्हणजे माणसाला काही महिने नशेपासून लांब कोंडणं नव्हे. कोंडलं तर तीन महिने तो घेणार नाही, हे खरं. बाहेर आल्यावर पहिल्या आठवड्यात काय करायचं ते मात्र त्याला कोणी शिकवलेलं नसेल, आणि ज्यांनी मध्यरात्री दोरीनं बांधून नेलं त्यांच्यावर, म्हणजे तुमच्यावर, त्याचा विश्वास उरणार नाही. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा व्यसनाशी जोडलेल्या मानसिक त्रासालाही लागू आहे. त्यात साखळीनं बांधायला साफ मनाई आहे. माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसेल तर घरच्यांच्या अर्जावरून दाखल करता येतं, नाही असं नाही. पण त्यासाठी दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ हवा, आणि तेही सुरुवातीला ३० दिवसांपर्यंतच. केंद्राला फोन करून चार गोष्टी विचार: नोंदणी कुठली आहे, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, घरच्यांना भेटू देता का, सोडल्यानंतर पाठपुरावा कसा करता. ‘तीन महिने भेटायचं नाही, फोन नाही, पैसे आगाऊ’ असं उत्तर आलं की फोन ठेवून दे.

असं बांधून न ठेवताही उपचार होतात, आणि आपल्याकडे ते नवे नाहीत. पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं ते गर्दच्या लाटेच्या वेळी. तिथे बरे झालेलेच पुढे इतरांना आधार द्यायला उभे राहिले, आणि रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ म्हणून वेगळा गट झाला, कारण घरच्यांनाही उपचार लागतो हे त्यांना लवकर उमगलं होतं. तुम्हाला पुण्यालाच जायला हवं असं नाही. सुरुवात नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीपासून कर. एमडीची तल्लफ मारणारी अशी खास गोळी अजून नाही. डॉक्टर झोप, निराशा, संशय यांवर औषध देतात, बाकीचं काम समुपदेशन, गट आणि बदललेली दिनचर्या करतात. म्हणून एका भेटीत काही दिसलं नाही तर ‘औषधच नाही म्हणे’ म्हणून परत फिरू नका. सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत फोन १४४४६ आहे, मानसिक आरोग्याचा टेलिमानस १४४१६, त्यावर मराठीत बोलता येतं.

दवाखान्यात नेलं तर पोलिस केस होईल, ही भीती बाबांना असेल. डॉक्टर पोलिसांना बोलवायला बसलेले नसतात. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ मध्ये तर, सेवनाचा किंवा अगदी अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. खरी भीती दुसरीकडे आहे. पैसे संपले की ही मुलं मित्रांसाठी माल आणून द्यायला लागतात, त्यात आपली पुडी सुटते म्हणून. एमडीचं अल्प प्रमाण २ ग्रॅमपर्यंत, ५० ग्रॅमच्या वर व्यापारी प्रमाण सुरू होतं आणि तिथे शिक्षा किमान दहा वर्षं. ‘मी विकत नाही, फक्त आणून देतो’ हे कोर्टात चालत नाही. तो हे करतोय का, तेवढं एकदा विचार.

बोलायचं कधी आणि कसं? शनिवारी-रविवारी नाही. तो झोपून उठलाय, पोटभर जेवलाय, असा बुधवार-गुरुवार बघ. मामा, काका, शेजारची मावशी कोणी नको. तू आणि बाबा बास. (आई रडायला लागेल आणि त्याला तेच हवं असतं, विषय बदलतो.) ‘तू असं का केलंस’ने सुरुवात केलीस तर तासभर कारणं ऐकशील. त्यापेक्षा ठरलेलं सांग: ‘साखरपुडा आत्ता होणार नाही. कर्ज बाबा फेडणार नाहीत. सोमवारी सकाळी सिव्हिलला जायचंय, मी सुट्टी टाकलीय, तुझ्यासोबत येते.’ तो ओरडेल, दार आपटेल, ‘ताई, तूपण?’ म्हणेल. वाद घालू नकोस. सोमवारी सकाळी तयार होऊन बस. नाही आला तर तू एकटी जा. डॉक्टर घरच्यांशीही बोलतात, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा विचारता येतं.

पैशाबद्दल तुमच्या घरात फार ढिलाई झाली आहे. बाबांनी दोनदा फेडलं, म्हणजे देणेकऱ्यांना कळलं की हे घर फेडतं, आणि भावालाही. यापुढे हातात रोकड नाही, यूपीआय नाही. जेवण, औषध, डॉक्टरची फी, कामावर जायचा पास हे तुम्ही परस्पर द्या. ॲपवाले धमकीचे फोन करतील, नातेवाइकांना फोटो पाठवू म्हणतील. ते खंडणीचं काम आहे, त्याची सायबर पोलिसांकडे तक्रार होते. १९३० हा नंबर लिहून ठेव. तो स्वतः तयार झाला की पगाराचं कार्ड काही महिने तुझ्याकडे ठेवायचं, जुना सिम बदलायचा. माल देणाऱ्याचा नंबर फोनमध्ये आहे तोवर शुक्रवार संध्याकाळ त्याच्यासाठी फार लांबलचक असते.

एवढं सगळं करून, दोन-तीन महिने चांगले गेल्यावर, तो पुन्हा एकदा घेईल अशी शक्यता बरीच आहे. गटात त्याला स्लिप म्हणतात. त्या दिवशी ‘सगळं पाण्यात गेलं’ असा गळा काढू नका आणि झाकूही नका, दुसऱ्याच दिवशी डॉक्टरला सांगा. लग्नाचं विचारशील तर वर्षभर नीट जाऊ दे, मग त्याचं त्यानं ठरवावं, आणि मुलगी कोणीही असो, तिला सगळं सांगून.

छातीत दुखणं, अंग तापून बडबड, झटके, किंवा ‘मी नसलेलाच बरा’ असं बोलणं, यातलं काही झालं तर वेळ बघू नका, १०८ला फोन करा आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा. त्यावर इलाज अवलंबून असतो. त्या रात्री त्याला एकटं झोपू देऊ नका.

किट मागवू नकोस. बाजारातल्या साध्या किटमध्ये गांजा, अफू दिसतं, एमडी बऱ्याचदा दिसतच नाही. ते कोरं निघालं की तो जिंकला आणि आई साड्या घ्यायला निघाली. ते पैसे सोमवारच्या रिक्षाला ठेव.